चित्र येत नाही म्हणता ना, मग पेल्याच्या बुडापासून सुरू करू

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडतो. तुम्ही ३४ वर्षांचे, सॉफ्टवेअरमध्ये टीम सांभाळता, सातवीनंतर ब्रश हातात धरलेला नाही. काम कुठे अडकलं की डोक्यात तेच तेच दोन-तीन उपाय फिरत राहतात, मग चिडचिड होते आणि ती तुमच्याबरोबर घरी येते. कुणीतरी सांगितलं की चित्रकला सुरू कर, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग सुधारेल, स्वतःबद्दलही काही कळेल. आणि तुमचं म्हणणं असं की ऐकायला भारी वाटतंय, पण मला साधी सरळ रेघ येत नाही, मी यात काय करणार.

फायदा होतो. पण ज्यांनी तुम्हाला सांगितलंय त्यांच्या डोक्यात बहुतेक रंग, कॅनव्हास, मागे मंद संगीत असं काहीतरी असणार, आणि रविवारी रंग फासले म्हणून सोमवारी प्रॉडक्शनमधला बग सुटला असं मी तरी आजवर बघितलेलं नाही. जो फायदा होतो तो बघण्याचा होतो. म्हणजे आपण बघतोय असं आपल्याला वाटत होतं आणि प्रत्यक्षात बघतच नव्हतो, हे कागदावर रंगेहाथ पकडलं जातं, त्याचा. चित्र चांगलं आलं की वाईट याच्याशी त्याचं फार देणंघेणं नाही, उलट ज्यांचा हात तयार आहे त्यांना हे पकडणं जास्त जड जातं, कारण त्यांची चूकही देखणी दिसते.

मी शिकलो कमर्शियल आर्ट, ११ वर्षं जाहिरातीत काढली आणि गेली २२ वर्षं पुण्यात मोठ्या माणसांना ड्रॉइंग शिकवतोय, त्यात इंजिनिअर सगळ्यात जास्त, मग डॉक्टर, थोडे वकील, रिटायर्ड बँकवाले. पहिल्या दिवशी प्रत्येकाला पाच मिनिटं देतो आणि सांगतो, एक निसर्गचित्र काढा. काय येतं ते तुम्हाला माहितीच आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्याला काड्यांसारखे किरण, डोंगरातून थेट खाली येणारी नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचं झाड, आकाशात टिकमार्कसारखे पक्षी. सोलापूरचा माणूस हेच काढतो, नागपूरचा हेच काढतो, आणि सिंहगड रोडला राहून रोज सकाळी गॅलरीतून खराखुरा डोंगर बघणारा माणूसही हेच काढतो, त्या डोंगरावर टीव्हीचा एवढा मोठा टॉवर आहे तो मात्र त्याच्या चित्रात कधी नसतो.

कारण डोंगर बघून कुणी काढतच नाही. डोक्यात 'डोंगर' नावाचा एक शिक्का तयार असतो, तो आपण उमटवतो. हे वाईट नाहीये, उगाच प्रत्येक गोष्ट नव्याने बघत बसलो तर रस्ताही क्रॉस करता येणार नाही. फक्त अडकलेल्या कामात हा शिक्काच नडतो.

आता घरी करायचा प्रयोग. स्टीलचा पेला टेबलावर ठेवा, समोर खुर्चीत बसा, आणि पेला काढा. तोंड बहुतेक सगळे बरोबर काढतात, लंबगोल. बाजूच्या रेघा ठीक. आणि बुडाला सपाट, आडवी, सरळ रेघ मारतात. माझ्याकडे दहातले आठ-नऊ जण मारतात. का, तर पेला टेबलावर सपाट बसलाय हे आपल्याला *माहिती* आहे. पण डोळ्याला दिसतंय काय? तुम्ही वरून बघताय, तोंड जसं वळलेलं दिसतं तसंच बूडही वळलेलं दिसतं, आणि बूड तुमच्या नजरेच्या पातळीपासून आणखी खाली असल्यामुळे त्याची गोलाई तोंडापेक्षा जास्तच असते. शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्या असतील तर वस्तुचित्राच्या पेपरासाठी बादली-तांब्या काढून घेताना सरांनी हे सांगितलं असणार, पण तेव्हा ते मार्कांसाठी पाठ झालं, डोळ्यापर्यंत गेलंच नाही. मी हे दाखवतो तेव्हा लोक पेला उचलून बघतात, परत ठेवतात, मान खाली-वर करतात, आणि मग एक बारीक 'अरेच्चा' येतो. त्या 'अरेच्चा'साठी मी २२ वर्षं हे काम करतोय.

तुमच्या प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचं जे काही आहे ते या बुडाच्या रेघेत आहे. माहिती असलेलं आणि दिसत असलेलं यांची आपण गल्लत करतो, आणि केलीय हे आपल्याला कळतही नाही.

एक उदाहरण सांगतो. चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्स बघणारा एक मुलगा रविवारी यायचा. त्यांच्याकडे पार्टवर ओरखडे येत होते, रिजेक्शन वाढलेलं, तीन आठवडे मीटिंगा चालू आणि प्रत्येक रिपोर्टचं शीर्षक 'मशीन स्क्रॅच'. म्हणजे शीर्षकातच उत्तर लिहून ठेवलेलं, मग जो तो मशीनच उघडून बघतोय. याने एक दिवस डबा खाऊन झाल्यावर वही काढली आणि रिजेक्ट झालेले वीस पार्ट घेऊन त्यांची नुसती बाह्यरेषा काढली, एकाखाली एक, आणि प्रत्येकावर ओरखडा जिथे आहे तिथे जसा आहे तसा काढला. चित्रं म्हणाल तर बटाट्यासारखी. पण वीसच्या वीस ठिकाणी ओरखडा एकाच कोपऱ्याकडे आणि एकाच बाजूला तिरका. मशीनमध्ये पार्ट ज्या पद्धतीने फिरतो त्यात तसा तिरका ओरखडा येणं शक्यच नव्हतं. मग तो पार्ट मशीनमधून बाहेर पडल्यावर कुठेकुठे जातो ते बघत मागे मागे चालत गेला, तर ट्रॉलीच्या तळाला लावलेलं रबर एका कोपऱ्यात निघालेलं होतं आणि खालचा पत्रा उघडा पडला होता.

तुम्ही म्हणाल हे फोटोतही दिसलं असतं. असतं ना. आणि फोटो काढलेही होते, ढिगाने, व्हॉट्सॲप ग्रुपवर पडून होते. फोटो काढला की बघायचं काम झालं असं वाटतं, रेघ ओढताना मात्र ती कुठून निघते, कुठे वळते, कुठे संपते हे प्रत्येक वेळी ठरवावंच लागतं, त्यातून सुटका नाही.

कारखानेवाल्यांना हे नवीन नाही खरं तर. टोयोटाचे ताइची ओनो इंजिनिअरला शॉपफ्लोअरवर खडूने काढलेल्या गोलात उभं करायचे आणि सांगायचे, इथून हलू नको, बघत राहा. तासनतास. मग येऊन विचारायचे काय दिसलं. ड्रॉइंग क्लास म्हणजे तोच गोल, फक्त बसायला खुर्ची असते.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण कलावाले लोक ही नेहमी लपवतात. नुसतं चित्र काढलं की सत्य दिसतं असं नाही. मेंदूच्या पेशींची गोष्ट घ्या. इटलीच्या कामिल्लो गोल्जीने १८७३ मध्ये चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवायची एक पद्धत काढली, त्यात मोजक्याच पेशी काळ्या होतात आणि पूर्ण आकारासकट दिसतात. पुढे स्पेनच्या रामोन इ काहालने तीच पद्धत वापरली. हा काहाल लहानपणी चित्रकार व्हायचं म्हणून हट्ट धरून बसलेला, वडील डॉक्टर, त्यांनी मेडिकलला घातला (आपल्याच घरातली गोष्ट वाटते की नाही). त्याने मायक्रोस्कोपखाली बघून हजारो चित्रं काढली आणि म्हणाला की या पेशी सुट्या आहेत, एकमेकींच्या अगदी जवळ येतात पण चिकटलेल्या नाहीत. गोल्जी म्हणत होता सगळं एक सलग जाळं आहे. चित्रं गोल्जीनेही काढलेली होती, पद्धत तर त्याचीच. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं आणि गोल्जी तिथल्या भाषणातही आपल्याच मतावर अडून होता. म्हणजे एकच रंग, एकच काच, आणि एकाला जाळं दिसतंय, दुसऱ्याला सुट्या पेशी. काहालने काय वेगळं केलं, तर त्याने गर्भातल्या आणि नुकत्या जन्मलेल्या प्राण्यांचे मेंदू घेतले, जिथे गर्दी कमी असते आणि तंतूंवर अजून आवरण चढलेलं नसतं, म्हणजे दिसत नाहीये तर दिसेल अशा जागी जाऊन बसला. पेन्सिल हातात आहे पण आधीचं मत सोडायची तयारी नाही, तर पेन्सिल त्या मताचंच चित्र काढून देते. हे लक्षात असू द्या.

अभ्यास झालेत का, हे तुमच्यासारखे लोक विचारतातच. झालेत, आणि जे मला त्यातल्या त्यात पटतात ते वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचे आहेत. येल विद्यापीठात त्वचारोगाचे प्राध्यापक आयर्विन ब्रेव्हरमन यांनी तिथल्या ब्रिटिश आर्टच्या म्युझियममधल्या लिंडा फ्रीडलेंडर यांच्या मदतीने पहिल्या वर्षाच्या मुलांना जुन्या पेंटिंगसमोर उभं केलं, शेजारची पाटी वाचायची नाही, आधी नुसतं बघायचं आणि मग जे दिसतंय तेवढंच सांगायचं. त्या मुलांचं पेशंटकडे बघून बारकावे टिपणं सुधारलं, हे २००१ मध्ये जामा या जर्नलमध्ये आलं. नंतर फिलाडेल्फियात ३६ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून, एका गटाला म्युझियममध्ये दीड-दीड तासाची सहा सेशन दिली, त्यांचंही निरीक्षण दुसऱ्या गटापेक्षा सुधारलं. नीट बघा, काय सुधारलं? निरीक्षण. हुशारी वाढली, निर्णय चांगले झाले असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. आणि या मुलांनी चित्रं काढली नव्हती, फक्त बघितली होती, त्यामुळे हात चालत नाही ही सबब इथेच संपली.

आपण बघतो किती वेळ? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मोजलं होतं, एका चित्रासमोर माणूस सरासरी २७ सेकंद थांबतो. तेही जगातली भारीतली भारी चित्रं, तिकीट काढून. हार्वर्डमध्ये जेनिफर रॉबर्ट्स नावाच्या कलेतिहासाच्या प्राध्यापिका आहेत, त्या विद्यार्थ्यांना एका चित्रासमोर तीन तास बसवतात. त्यांनी स्वतः कोपली या चित्रकाराच्या, खार पाळलेल्या मुलाच्या पेंटिंगसमोर बसून लिहिलंय की मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटाची कड सारखी आहे हे दिसायलाच त्यांना नऊ मिनिटं लागली. ज्यांचा धंदाच बघण्याचा त्यांना नऊ मिनिटं.

मी तीन तास सांगत नाही, आपल्याकडे कुणाला तेवढा वेळ नाही आणि म्युझियममध्ये बसायला बाकही नसतो. मी लोकांना पुण्यातल्या केळकर म्युझियममध्ये घेऊन जातो, तिथे अडकित्ते ठेवलेत ना, नाना आकारांचे, त्यातला एक निवडायचा आणि त्याच्यासमोर वीस मिनिटं. पहिली दोन मिनिटं छान जातात. मग साधारण चौथ्या-पाचव्या मिनिटाला हात खिशातल्या मोबाईलकडे जातो, 'झालं की बघून' असं वाटतं. तिथे थांबायचं नाही. मला विचाराल तर खरी सुरुवात तिथूनच, कारण ओळखीचं तोवर संपलेलं असतं. मग दिसायला लागतं की मूठ एका बाजूला जास्त झिजलीय, बिजागरीचा खिळा नंतर कधीतरी बदललेला वाटतोय, नक्षी करणाऱ्याचा हात एका पाकळीवर घसरलाय. ऑफिसात लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, वाचतानाही हाच चौथा-पाचवा मिनिट येतो. तिथे तुम्ही काय करता? टॅब बदलता.

गटात बघायचं असेल तर तीन प्रश्न पुरतात. ही पद्धत न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये तेव्हा शिक्षणाचं काम बघणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन यांची. या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस, काय दिसलं? आणि अजून काय सापडतंय? बस. मी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची मोठी प्रिंट लावतो. एकजण म्हणतो, दुःखी आहे. कशावरून? पापण्या खाली झुकल्यात, मान कललीय. दुसरी म्हणते, छे, शांत आहे. कशावरून? पापण्या झुकल्यात, मान कललीय. इथे खोलीत एकदम गप्प होतं सगळं, कारण पुरावा एकच आणि निष्कर्ष दोन, आणि दोघंही शहाणी माणसं. आणि मग दहाएक मिनिटांनी कुणीतरी म्हणतं, अहो मागे माकडं आहेत! तोवर तो चेहरा सोडून कुणी इकडेतिकडे बघितलेलंच नसतं.

हा दुसरा प्रश्न ऑफिसात घेऊन जा, बाकी काही नाही नेलं तरी चालेल. टीममध्ये कुणी म्हणालं 'युजर कन्फ्यूज होतात' किंवा 'डेटाबेस स्लो आहे', तर लगेच उपायावर उडी मारायची नाही, शांतपणे विचारायचं की तुला काय दिसलं म्हणून असं म्हणतोयस. आवाज पोलिसी नको. अर्ध्या वेळा उत्तर येतं की मागच्या वेळी तसंच झालं होतं. म्हणजे शिक्का.

आता हाताने काढायचे प्रकार, जे मी खरोखर वापरतो तेवढेच सांगतो.

खुर्ची काढायची, पण खुर्ची नाही काढायची. तिच्या पायांमधल्या, हातांमधल्या रिकाम्या जागांचे आकार काढायचे. त्या जागांना नाव नसतं म्हणून डोक्यात त्यांचा शिक्काही नसतो, त्यामुळे नाइलाजाने बघावंच लागतं, आणि सगळ्या रिकाम्या जागा जमल्या की खुर्ची आपोआप उभी राहते, आधी हजार वेळा काढलेल्या खुर्चीपेक्षा बरी. कामात याचा उपयोग म्हणजे जे होतंय त्याच्यापेक्षा जे होत नाहीये ते लिहून काढायचं. कोणत्या ग्राहकांची तक्रार येत *नाही*, कोणत्या वारी सर्व्हर पडत *नाही*.

दुसरं, चित्र उलटं ठेवून काढणं. पेपरात यायचा तो आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घ्या, डोकं खाली पाय वर करून ठेवा आणि तसाच उतरवा, मध्ये सरळ करून बघायचं नाही. नाक, चष्मा, धोतर ही नावं गळून पडतात, नुसत्या रेघा उरतात. हे बेटी एडवर्ड्स या अमेरिकन चित्रकला शिक्षिकेने १९७९ पासून लोकप्रिय केलं. त्यांनी त्याला उजवा मेंदू-डावा मेंदू अशी जी थिअरी जोडली ती आज कुणी तशी मानत नाही, मेंदूचं काम इतकं सरळ वाटून दिलेलं नसतं, पण युक्ती मात्र चालते. मोटिव्हेशनल भाषणात कुणी उजवा मेंदू जागा करतो म्हणालं तर चहा पिऊन घरी या.

तिसरं, लहान चित्रं. जाहिरातीत आम्ही मोठा लेआउट करण्याआधी काडेपेटीएवढे दहा-बारा थंबनेल काढायचो. पहिले तीन सगळ्यांचे सारखेच येतात, चौथ्यापासून माणूस अडखळतो, आठव्या-नवव्याला काहीतरी विचित्र येतं आणि त्यात कधीकधी सोनं असतं. तुमच्या डोक्यात जे दोन-तीन उपाय फिरतात ना, ते हेच पहिले तीन थंबनेल. १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ या दोघांनी इंजिनिअर लोकांवर प्रयोग केले होते, डिझाइन करायला सांगताना एक नमुना दाखवला, तर लोकांनी त्या नमुन्यातल्या चुकाही आपल्या डिझाइनमध्ये उचलल्या. तर आपला पहिला उपाय हा आपणच आपल्याला दाखवलेला नमुना असतो. तो कागदावर काढून मोकळं व्हायचं, डोक्यात ठेवला की तो बाकीच्यांना आत येऊ देत नाही. एक पान, बारा चौकोन, दहा मिनिटं, प्रत्येकात उपाय चित्रात, शब्द कमीत कमी. बाराच्या बारा भरायचे, फालतू असले तरी.

आणि टीमसाठी चहाचा खेळ. टॉम वुजेक नावाचे एक डिझाइनवाले हे टोस्टवर करतात, मी चहावर करतो कारण टोस्टवर आपल्याकडे कुणी भांडत नाही. प्रत्येकाने 'चहा कसा होतो' हे एकही शब्द न लिहिता काढायचं. कुणी गॅसपासून सुरू करतं, कुणी दुधाच्या पिशवीपासून, एकाने गवती चहा कुंडीतून तोडण्यापासून केलं होतं, आणि बऱ्याच चित्रांत चहा करणारा माणूसच नसतो, भांडी आपोआप हलतात. मग 'आपल्याकडे ऑर्डर आल्यापासून पैसे जमा होईपर्यंत' हे काढायला लावायचं. सात माणसांची सात चित्रं भिंतीवर लावली की भांडण कुठे आहे ते कळतं, मला तिथे काही बोलावंही लागत नाही.

बरं, आता स्वतःची ओळख. हा भाग मला जास्त जवळचा आहे आणि यातच सगळ्यात जास्त थापाही चालतात.

पहिला नियम, माझ्याकडे खोडरबर नाही. बॉलपेनने काढायचं. पहिल्या दिवशी लोक अक्षरशः अस्वस्थ होतात. एक बाई, मोठ्या पदावर होत्या, चुकीची रेघ आली की पानच फाडायच्या, एका तासात अकरा पानं. मी काही बोललो नाही, फाडलेली पानं गोळा करून शेवटी त्यांच्यासमोर ठेवली. अकराही पानांवर डाव्या कोपऱ्यात एकेक सुंदर सुरुवात होती आणि बाकी पान कोरं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, माझे प्रोजेक्ट असेच आहेत. मी हे सांगितलं असतं तर त्यांना रागच आला असता.

रवींद्रनाथ टागोरांचं बघा, हस्तलिखितात शब्द खोडायचे आणि त्या खोडाखोडीला रेघा जोडून आकार, पक्षी, चेहरे करायचे. तिथून वयाच्या साठीनंतर चित्रकार झाले, १९३० मध्ये पॅरिसला प्रदर्शनही झालं. खोडलेलं लपवायचं नाही, त्याला पुढे न्यायचं. ३४ व्या वर्षी उशीर झाला म्हणणाऱ्यांनाही मी हेच सांगतो.

माझी स्वतःची सवय सांगतो, म्हणजे उपदेश वाटणार नाही. मला डोळे छान काढता येतात. त्यामुळे पोर्ट्रेट काढताना मी डोळ्यांपासून सुरू करायचो, मस्त रंगात यायचो, आणि शेवटी हनुवटी कागदाबाहेर जायची किंवा कपाळ छाटलं जायचं. वर्षानुवर्षं. आधी पूर्ण डोक्याचा ढोबळ आकार मांडून घ्यायचा हे मी विद्यार्थ्यांना रोज शिकवत होतो. एकदा बायकोने जुनी वही चाळली आणि म्हणाली, अहो तुमच्या सगळ्या माणसांना टक्कल नाहीतर हनुवटी नाही, आणि घराचंही तुम्ही असंच करता, किचनच्या टाइल्स निवडायला दोन महिने आणि प्लंबर ठरवला का तर नाही. खरंच होतं ते. मजेचा भाग आधी आणि पूर्ण आराखडा नंतर, बिलं पाठवायची तर कायमच नंतर. अजूनही करतो, पण आता करताना कळतं.

स्वतःकडे बघायचा सगळ्यात थेट प्रकार म्हणजे आरशात बघून स्वतःचा चेहरा. जवळजवळ सगळे डोळे फार वर काढतात, कपाळ संपत आलं तिथे. मोजून बघा, टाळूपासून हनुवटीपर्यंत डोळे साधारण बरोबर मध्यावर असतात. रोज ज्या चेहऱ्याची दाढी करतो त्याचे डोळे कुठे आहेत हे आपल्याला माहिती नसतं, ही मला दरवेळी गंमत वाटते. रेम्ब्राँटने आयुष्यभरात स्वतःची जवळपास ८० चित्रं केली, पेंटिंग, एचिंग, ड्रॉइंग सगळी धरून. एकदा बघून होत नाही, म्हणून परत परत.

काढताना डोक्यात काय चाललंय ते ऐका. कागदाकडे न बघता, फक्त वस्तूकडे बघत एका सलग रेघेत आपला डावा हात काढा, पाच मिनिटं. चित्र भयंकर येणार, ते ठरलेलंच आहे, म्हणून तर करायचं. त्या पाच मिनिटांत आतला जो आवाज ऐकू येतो, 'हे काय चाललंय', 'शेजारच्याचं बरं असेल', 'बस झालं आता', तो तुमचा रोजचाच आवाज आहे, फक्त ऑफिसात गोंगाटात ऐकू येत नाही. झाल्यावर पानाच्या खाली तारीख आणि एकच वाक्य लिहा, कुठे कंटाळा आला किंवा कुठे राग आला. चित्रावर शेरा नको.

आणि आता धोक्याची सूचना. चित्र बघून माणूस ओळखतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. मीही सुरुवातीला हा शहाणपणा केलाय. एका क्लासमध्ये एक मुलगी पेन्सिल कागदात रुतेल इतकी दाबून काढत होती, मी मोठ्या गंभीरपणे म्हणालो की आत बराच राग साठलाय वाटतं. ती म्हणाली, सर, ही फोर-एच आहे, दाबल्याशिवाय उमटतच नाही. सगळा वर्ग हसला, मी पण हसलो, घरी येऊन मात्र लाजलो. नंतर एका कंपनीने लोकांच्या चित्रांवरून 'पर्सनॅलिटी रिपोर्ट' करून द्यायला सांगितलं, पैसे बरे होते, नाही म्हणालो. चित्राचा अर्थ काढणारा माणूस तो काढणाराच, दुसरा कुणी नाही. आणि झोप उडालीय, सतत उदास वाटतंय, जगणंच नको वाटतंय अशी अवस्था असेल तर माझ्यासारख्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा. आर्ट थेरपी हा वेगळा, शिकून करायचा व्यवसाय आहे, ड्रॉइंगचा मास्तर म्हणजे थेरपिस्ट नव्हे.

ताण कमी होतो का? ४५ मिनिटं काहीबाही कलाकृती केल्यावर ३९ पैकी साधारण पाऊण लोकांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, उतरलं असा २०१६ चा एक अमेरिकन अभ्यास आहे, आणि त्यात अनुभवी-नवशिके असा फरक दिसला नाही. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, नुसतं ४५ मिनिटं शांत बसूनही उतरलं असतं कदाचित. तेव्हा आनंद घ्या, औषध समजू नका.

सामान काय लागेल, तर शंभर पानी कोरी वही आणि निळं बॉलपेन. महागडं स्केचबुक घेऊच नका, त्यात चूक करायची हिंमत होत नाही, माझ्याकडे अशी चार कोरी पडलीत. रोज वीस मिनिटं, दीड महिना. पहिले दोन आठवडे फक्त घरातली भांडी आणि रिकाम्या जागा, मग लोक, बसस्टॉपवरचे, पाठमोरे चालतील. दर रविवारी आठवड्याची पानं जमिनीवर पसरून उभ्याने बघा, सगळी एकदम, डोळे किलकिले करून. एक पान बघितलं की चित्र दिसतं, सात पानं बघितली की सवय दिसते. आणि आठवड्यात कामात अडकलेलं काय होतं ते त्या सवयीशेजारी लिहा, हे स्वतःहून करावं लागतं, वहीतलं ऑफिसात आपोआप जात नाही. माझ्याकडे सुंदर चित्रं काढायला शिकून कामात तसेच्या तसे राहिलेले लोक भरपूर आहेत, त्यांनी ही रविवारची पायरी गाळलेली असते.

उद्या सकाळी चहा झाला की कप लगेच सिंकमध्ये टाकू नका. बसल्या जागेवरून काढा, आणि बुडाला सरळ रेघ मारायला हात जाईल तिथे थांबून एकदा खरंच बघा. आली वळलेली, तर तिथे तारीख टाका. सरळच आली तरी टाका.